आधी गवत, मग झाड

चंद्रपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यात उघड्या कोळसा खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत. दर जुलैत वनमहोत्सवाच्या निमित्ताने खाणपट्ट्यांत रोपे लागतात, लाखांचे आकडे जाहीर होतात, आणि त्याच जुलैत ढिगाऱ्यांची माती नाल्यात उतरते. इरई नदीच्या काठावरच्या ढिगाऱ्यांबद्दल चंद्रपूरकर वर्षानुवर्षे ओरडत आहेत. त्यांची तक्रार रास्त आहे. किती रोपे लावली, यावरून किती माती थांबली हे कळत नाही.

ढिगारा कसा झिजतो, ते भर पावसात जवळ जाऊन पाहावे. डंपरच्या चाकांखाली माथा दबून टणक झालेला असतो. पाणी मुरत नाही, कडेकडे धावते आणि जिथे कड जराशी सखल असेल तिथून खाली कोसळते. पहिल्या पावसात बोटभर ओघळ पडतो. दोन-चार पावसाळ्यांत त्याची माणूस उभा राहील एवढी घळ होते आणि काठावरची रोपे मुळे उघडी पडून लटकतात. ढिगाऱ्याचा उतार ३७.५ अंशांपेक्षा जास्त नसावा, ३० मीटरच्या वर गेला तर टप्पे पाडावेत, असा कोळसा खाणींचा नियम आहे. पण हा नियम ढिगारा ढासळू नये म्हणून आहे. पावसाने धुपू नये असे वाटत असेल तर उतार याहून बराच सौम्य लागतो, आणि माथ्याचा व टप्प्यांचा कल कडेकडे नव्हे, आतल्या बाजूला लागतो.

नुसत्या झाडांनी हे साधत नाही. सागाखालची जमीन पाहा. रुंद पानांवर साचलेले पाणी टपोऱ्या थेंबांनी उंचावरून पडते आणि खाली पालापाचोळा, गवत नसेल तर उघडी माती उडवत जाते. माती धरते ते गवत. वाळ्याच्या दाट ओळी समपातळीवर लावल्या की वाहत्या पाण्याचा जोर मोडतो आणि गाळ ओळीमागे अडतो. मधल्या पट्ट्यांत धामण गवत आणि स्टायलो हे चारापीक पेरले तर जमीन झाकली जाते, पुढे चाराही मिळतो. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवण्याची अट खाणपट्ट्यांना घालण्यास केंद्राला सांगितले. त्या आदेशाचा गाभा हाच, की गुरांना चारा मिळावा आणि जमीन पुन्हा सजीव व्हावी.

गवताला माती मात्र हवी. खाण उघडताना वरची काळी माती वेगळी काढतात खरी, पण उंच ढिगात वर्षानुवर्षे ठेवली की आतल्या थराला हवा मिळत नाही आणि तिच्यातली जीवसृष्टी मरत जाते. जो टप्पा पुरा झाला, त्यावर ती लगेच पसरली पाहिजे. पायथ्याला दगडी बांध, बाहेरून चर, चराच्या तोंडाशी गाळ बसायला तळे, आणि ते तळे पावसाळ्यापूर्वी उपसलेले, एवढे तरी हवेच.

खाण बंद करण्याच्या खर्चापोटी कंपन्यांना एस्क्रो खात्यात पैसे भरावे लागतात. काम दाखवले की ते टप्प्याटप्प्याने परत मिळतात. हे काम हिवाळ्यातल्या हिरव्या फोटोंवरून तपासू नये. जुलैच्या जोरदार पावसात, ग्रामपंचायतीच्या सदस्यांसमोर, चरातून नाल्यात जाणारे पाणी बाटलीत भरावे आणि त्यातला गाळ मोजावा. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर निघाला तर त्या टप्प्याचा पैसा सोडू नये.