तांब्याचे पाणी आणि हौदातील मासे

तांब्याच्या भांड्यात ताक ठेवू नये, हे आपल्या घरांतील लहान मुलीसही ठाऊक असते. आंबट पदार्थ तांब्याला लागला की कळकतो, म्हणून भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई करून घ्यावयाची, हा आपला जुना शिरस्ता. परंतु स्वयंपाकघरात जी दक्षता आपण घेतो, ती परसात पाऊल टाकताच विसरतो. याचा अनुभव आम्हांस गेल्या श्रावणात आला.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील जुने वाडे बहुतेक गेले. तरी अंगणात वा गच्चीवर लहानसा हौद बांधून त्यात सोनेरी मासे व गप्पी सोडण्याची हौस अद्याप टिकून आहे. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, तेव्हा ही हौस निरुपयोगी आहे असेही म्हणता येणार नाही. आमच्या डोंबिवलीच्या घरी असाच एक हौद आहे. त्याचे पाणी शेवाळाने हिरवेगार झाले, तेव्हा एका स्नेह्यांच्या सल्ल्यावरून आम्ही त्यात थोडासा मोरचूद टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे पाण्यावर येऊन तोंडे उघडीत होते; दुपारपर्यंत एकही वाचला नाही. त्यांना रोज खाऊ घालणारी आमची धाकटी पुतणी त्या दिवशी जेवली नाही. आणि काकूंनी विचारले, “तांब्याच्या कळशीतले पाणी आपण रोज पितो, मग त्याच तांब्याने मासे कसे मेले?”

प्रश्न मार्मिक होता. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालेल, असे जागतिक आरोग्य संघटनेने ठरविले आहे. परंतु हलक्या पाण्यात लिटरमागे मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी तांबे सोनेरी माशास व गप्पीस मारू शकते. कारण असे, की आपण पाणी पोटात घेतो व अधिक झालेले तांबे आपले यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. मासा मात्र अहोरात्र त्या पाण्यातच श्वास घेतो. त्याचे कल्ले पाण्यातील क्षार रक्तात ओढून घेत असतात. तांबे तेथे चिकटून हे काम बंद पाडते. कल्ले सुजतात, त्यांवर बुळबुळीत स्राव साचतो, आणि मासा गुदमरतो. पाणी जड असेल, म्हणजे त्यात चुन्याचा अंश पुष्कळ असेल, तर तो तांब्याला काहीसा अडवितो. पावसाचे पाणी मात्र हलके. आणि आपल्याकडे चार महिने तेच हौदात पडत असते.

आता हिशोब पाहा. चार फूट लांब, तितकाच रुंद व सव्वादोन फूट खोल हौदात सुमारे १००० लिटर पाणी मावते. मोरचुदात चौथा हिस्सा तांबे असते. म्हणजे अवघा ४ ग्रॅम मोरचूद पडला, की लिटरमागे १ मिलिग्रॅम तांबे झाले! मनुष्याच्या मर्यादेत बसणारे हे प्रमाण माशांचा निर्वंश करावयास पुरेसे होय. शिवाय शेवाळ एकदम मेले म्हणजे ते कुजताना पाण्यातील प्राणवायू सरतो, तो घात निराळाच.

म्हणून वाचकांस आमची विनंती अशी: सणावाराच्या आधी तांब्याची भांडी चिंचेने घासाल, तेव्हा ते धुवण हौदात जाऊ देऊ नका, चिंचेच्या आंबटाने सुटलेले तांबे त्यात असते. झाडांवर बोर्डो मिश्रण फवारावयाचे असल्यास हौद झाकून घ्या. त्यातही मोरचूदच असतो. हौदाला तांब्याची नळी नको. शेवाळ जाळीने काढावे, माशांना खाणे बेताचे घालावे, आणि कमळाच्या पानांची सावली पाण्यावर ठेवावी; उन्हावाचून शेवाळ फारसे माजत नाही. इतके करूनही चूक घडलीच, तर मासे तत्काळ साठवणीच्या स्वच्छ पाण्यात हलवून हौदाचे पाणी बदलावे.

आमच्या हौदात आता पुन्हा मासे आहेत. भांडी घासावयास बसण्यापूर्वी काकू स्वतः हौदावर फळी टाकतात, आणि ती नीट बसली की नाही हे पुतणी पाहून येते.