लागला की नाही लागला?

दिवाळीच्या आगेमागे शिवारातले भात कापून खळ्यावर येते, आणि आमच्या खारबावची पोरे मोकळ्या झालेल्या शेतात ढेकळे फोडून, पाणी मारून जमीन चापून बसवू लागतात. वसई-दिवा गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्याने समजून घ्यावे, कबड्डीचे दिवस आले! भिवंडी तालुक्यात या खेळावर लोकांचा फार जीव. आणि जिथे जीव तिथे भांडण, हे वाचकांना घरच्या अनुभवावरून ठाऊक असेलच.

या भांडणांचे मूळ बहुधा एकाच प्रश्नात असते: हात लागला की नाही लागला?

ज्यांनी हा खेळ लांबूनच पाहिला त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पुरुषांचे क्रीडांगण 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. दोन्ही कडांना एकेक मीटरचा पट्टा म्हणजे राखीव क्षेत्र. हल्ली सारे त्याला लॉबी म्हणतात. गंमत अशी, की हा पट्टा मैदानात असूनही मैदानात नसतो. चढाई करणाऱ्याचा आणि बचाव करणाऱ्याचा स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की लॉबी खुली होते. त्याआधी तिथे पाय पडला की गडी बाद. आता पाहा, कोपऱ्यातला गडी छाती पुढे काढून वाट अडवतो, चढाईवाला अंग चोरून कडेने सटकतो, आणि एका निमिषात पाय लॉबीत पडतो अन् कापडाला कापड घासते. कपड्याचा स्पर्शही स्पर्शच! पण आधी काय झाले? पंच उभा कडेला, मध्ये सात जणांची भिंत. त्याने तरी किती पाहावे?

तीन वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावी मी अंतिम सामना पाहत होतो. शेवटच्या मिनिटाला नेमका हाच प्रसंग आला. पंचाने गडी बाद दिला आणि अर्धी गर्दी मैदानात. “लागला!” “नाय लागला!” पूर्वी अशा वेळी आवाजाच्या जोरावर निकाल लागे, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल. चार बाजूंनी काढलेली चार चित्रे पंचाच्या नाकासमोर नाचली. दोहोंत हात लागलेला, दोहोंत न लागलेला! सामना राहिला तो राहिलाच. त्या दोन गावांत सोयरिकी आहेत. पुढे कळले, की एका खेळाडूने त्या रागात बहिणीच्या सासरी पाऊल ठेवणे सोडले. तिच्या दोन भाऊबिजा कोरड्या गेल्या. बोटभर स्पर्शाची केवढी ही किंमत!

हे खेड्यापाड्यांतच चालते असे मात्र समजू नका. 7 ऑक्टोबर 2023 रोजी चीनमध्ये हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध इराण. गुण 28-28, वेळ संपत आलेली. भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणाला स्पर्श न होताच लॉबीत उतरला. त्याला धरायला इराणचे गडीही मागोमाग लॉबीत शिरले. तंटा जुंपला. एका नियमाप्रमाणे पवन एकटाच बाद, दुसऱ्याप्रमाणे त्याच्यामागून लॉबीत शिरलेलेही बाद. निर्णय फिरले, दोन्ही संघ मैदानात बसून राहिले, खेळ जवळजवळ तासभर अडला. अखेर भारत 33-29 असा जिंकला.

तिथला वाद स्पर्शाचा नव्हता, हे ध्यानात घ्या. वाद होता तो नियम कोणता याचा, आणि तो सामन्याच्या अखेरीस निघाला. वास्तविक हे दुखणे जुने आहे. एके काळी कबड्डीचे संजीवनी, गामिनी, अमर असे प्रकार होते. एकात बाद झालेला गडी पुन्हा उठे, दुसऱ्यात सारा संघ बाद होईतो बाहेर बसे, तिसऱ्यात तो बाहेरच जात नसे. पाहुणा संघ एक रीत शिकून यायचा आणि यजमान दुसरीच खेळायचे! म्हणून तर 1934 साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियम बांधून दिले.

तेव्हा माझे सांगणे साधे आहे. नाणे उडवण्याआधी सरपंचाने दोन्ही कर्णधारांना लॉबीचा नियम मोठ्याने वाचून दाखवावा. पंच तिसऱ्या गावचा असावा. आणि त्याचा हात वर गेला की वाद तिथेच मिटावा. तो चुकला तरी.

पण खरा उपाय याहून जवळ आहे. हजारभर माणसे ओरडत असतात, पण हात लागला की नाही हे नक्की ठाऊक असते ते दोघांनाच, ज्याचा लागला त्याला आणि ज्याला लागला त्याला. पंचाकडे न बघता हात वर करून मुकाट बाहेर जाणारे गडी मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी विरुद्ध गावच्या बायकाही टाळ्या वाजवतात. यंदा पोरांना नवे बूट, नव्या बनियनी जरूर घ्या. सोबत ही सवयही लावा. तिला पैसे पडत नाहीत, आणि ती लवकर फाटतही नाही.