आगमन, प्रस्थान आणि मागे उरलेले

पुढाऱ्याचे येणे आणि जाणे, या दोन क्रियांनाच आपल्या सार्वजनिक जीवनात कार्याची प्रतिष्ठा मिळाली आहे. १८ डिसेंबर २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी कल्याणच्या फडके मैदानावर आले. कल्याणपासून चौथ्या स्थानकावरील खडवलीत तो सोहळा आम्ही घरी बसून दूरचित्रवाणीवर पाहिला. ठाणे-भिवंडी-कल्याण या सुमारे २५ किलोमीटरच्या मेट्रोची कोनशिला बसली, सिडकोच्या सुमारे नव्वद हजार घरांची योजना जाहीर झाली, आणि पाहुणे पुण्याच्या मेट्रोच्या भूमिपूजनासाठी रवाना झाले. त्याच दिवशी मुंबईत त्यांच्या हस्ते आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांच्या ग्रंथाचे प्रकाशन झाले होते. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस जन्मभर हेच करीत आला: पुढारी येताना पाहणे आणि जाताना पाहणे.

कोनशिलेनंतर सहा वर्षांनी, २०२४ संपले तेव्हाही, त्या मेट्रोत एकही प्रवासी बसलेला नव्हता. कल्याण-कसारा तिसरा रेल्वेमार्ग वर्षानुवर्षे रखडला आहे. भातसेचे पाणी मुंबईला पोचते, आणि धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. कॅमेरा आगमन दाखवतो, प्रस्थान दाखवतो. मागे उरलेले दाखवत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर अशा दौऱ्याचा खर्च दोन प्रकारचा असतो. मंडप, बंदोबस्त, वाहने यांचा खर्च कोणत्या ना कोणत्या सरकारी खात्यात नोंदला जातो. दुसरा खर्च कोठेच नोंदला जात नाही. रस्ता बंद झाला म्हणून रिक्षावाल्याचा बुडालेला धंदा, उठवलेल्या फेरीवाल्याची गेलेली दिवसाची कमाई, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराचा खाडा, हा गरिबांच्या वेळेवर बसवलेला कर आहे. तो कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेला नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी १९६३ साली लोकसभेत देशातील सत्तावीस कोटी लोकांच्या रोजच्या तीन आण्यांचा प्रश्न उभा केला आणि त्याशेजारी पंतप्रधानांवरील रोजचा पंचवीस हजारांचा खर्च मांडला. पंडित नेहरूंनी योजना आयोगाच्या आधारे पंधरा आणे सांगितले. आकड्यांवर वाद झाला. परंतु राज्यकर्त्याच्या खर्चाची तुलना रयतेच्या मिळकतीशी करावी, हे सूत्र त्यातून रुजले. ते आज आपणच विसरलो आहोत.

सुरक्षा नको असे कोणी म्हणणार नाही. १९८४ आणि १९९१ या वर्षांनी देशाला काय भोगायला लावले ते आपण पाहिले आहे. मात्र सुरक्षेचा भार नेहमी दुबळ्यावरच का पडावा? नोव्हेंबर २००९ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या चंदीगड भेटीच्या वेळी मूत्रपिंडाच्या एका रुग्णाला बंदोबस्तामुळे वेळेवर रुग्णालयात प्रवेश मिळाला नाही व तो दगावला. पंतप्रधानांनी कुटुंबाला खेदाचे पत्र लिहिले, हे त्यांच्या सभ्यतेला शोभणारेच होते. पण बंदोबस्ताची रीत बदलली नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला केंद्रीय गृहमंत्र्यांच्या उपस्थितीत महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. मंचावर सावली होती, लाखो श्रोते भर उन्हात होते. उष्माघाताने चौदा जण गेले. पक्ष वेगवेगळे, रीत एकच.

याच्या उलट एक उदाहरण आहे. मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. त्यांच्या स्वागताच्या कमानी आज कोणाला आठवत नाहीत. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर आलेली गादी मात्र राहिली. पुढाऱ्याचे मोजमाप त्याच्या गेल्यानंतर करावयाचे असते.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. दौऱ्याचा संपूर्ण खर्च महिन्याभरात जाहीर व्हावा. नवी कोनशिला बसवण्यापूर्वी त्याच व्यासपीठावरून जुन्या कोनशिलेचा हिशेब दिला जावा. रुग्णवाहिकेचा रस्ता आणि श्रोत्यांची सावली ही मंचाच्या आधी तयार असावी. आणि हे नियम आधी आपल्या सभांना लावावेत. आपला पुढारी येणार म्हणून उन्हात तासन् तास माणसे बसवून ठेवणाऱ्याला दुसऱ्यांना जाब विचारण्याचा अधिकार उरत नाही.