माझा पहिला गडी

सिव्हिल लाइन्स, जबलपूर, डिसेंबर २०२४

सात वर्षांनी हॉकी इंडिया लीग परततेय, २८ तारखेपासून राउरकेल्यात. पुरुषांचे आठ संघ, महाराष्ट्राचा एकही नाही. म्हणून रूपसिंगच्या या जन्मगावी, मेसमध्ये प्रत्येकाने कागदावर आपापला संघ मांडलाय. गोलाला गुण.

बहुतेकांचा पहिला गडी हरमनप्रीत. पॅरिसला १० गोल, लिलावात सूरमाने ७८ लाख मोजले. वाद नाही.

माझा पहिला गडी मात्र तमिळनाडू ड्रॅगन्सचा अमित रोहिदास. पेनल्टी कॉर्नरला गोलरेषेवरून सुटून तो थेट फ्लिकच्या तोंडावर धावतो. अडवलेल्या गोलाला आमच्या कागदावर गुण नाही. कागदच चुकलाय, असं माझं मत. जी दुर्घटना टळली तिचा अहवाल कोणी लिहीत नाही, हे माजी सैनिकांना मी काय सांगावं?