गालांवरील लाली
शिरूर-दौंडच्या बाजारपेठांत उन्हाळ्यात पेढीवर बसणाऱ्याचे गाल लाल झाले, की ‘उष्णता वाढली’ एवढ्यावर विषय मिटतो. महिनोन्महिने टिकणारी लाली मात्र ‘रोझेशिया’ असू शकते. सावळ्या वर्णावर ती चटकन दिसत नाही, जळजळच आधी जाणवते. ऊन, तिखट, वाफाळता चहा तिला चेतवतात. खरा घात करतात ती परस्पर आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे. चार दिवस चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होऊन रक्तवाहिन्यांचे जाळे उमटते. २०१८ पासून अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई आहे. समाजातील औषधविक्रेत्यांनी तरी ती कसोशीने पाळावी. लावत असलेले मलम एकाएकी न थांबवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. योग्य औषधाने व सनस्क्रीनने दाह शमतो. उमटलेल्या वाहिन्यांना मात्र बहुधा लेझरच लागतो.