अंगणातील शाळा

शाळेची बस खाली येऊन उभी आहे आणि चार वर्षांचे मूल सदऱ्याची बटणे स्वतः लावण्याच्या खटपटीत आहे. दोन बटणे चुकीच्या काजात गेली आहेत. आई त्याचे हात बाजूला सारते आणि भराभर बटणे लावून टाकते. शहरातील मध्यमवर्गीय घरातील हा रोजचा प्रसंग. तेच मूल दहा वर्षांचे झाले की जेवलेले ताटही उचलत नाही, म्हणून आपण कुरकुरतो आणि त्याला संस्कारवर्गात घालतो. संस्कारवर्ग अवश्य असावेत. पण मूल ज्या वयात काम मागत होते, त्या वयात आपणच ते त्याच्या हातातून काढून घेतले होते, याचा सोयीस्कर विसर पडतो.

जव्हार तालुक्यातील जामसरसारख्या गावात याच्या नेमके उलटे घडते. तेथे काम मागावे लागत नाही, ते अंगावर येऊन पडते. सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वावरते. भात-नाचणीची कापणी आटोपली की जव्हार-मोखाड्यातील कितीतरी कुटुंबे वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात. मूल अर्थातच बरोबर जाते. अंगणवाडी आणि तेथे नुकती लागलेली हात धुण्याची, रांगेत बसण्याची, गाणे म्हणण्याची सवय मात्र मागे राहते.

ही अडचण नवी नाही आणि तिच्यावरचा विचारही याच भूमीत झालेला आहे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. गिजुभाई बधेकांसमवेत भावनगरला केलेले बालशिक्षणाचे कार्य पाठीशी होते, नावलौकिक होता. अनुताई वाघ त्यांना येथेच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली तरी सर्व मुले येईनात, तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही; बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. प्रथम आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणी आणि खेळ. माँटेसरींची महागडी साधने येथे परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी खडे, बिया, पाने, शिंपले आले. मोजण्यासाठी चिंचोके कोठे कमी पडतात?

१९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा निघाली. भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावे म्हणून पाळणाघर आणि बालवाडी प्राथमिक शाळेच्या शेजारीच आणली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेबरोबर ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. त्यातले अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी हरवले आणि खिचडीची खोली तेवढी उरली, असे म्हटले तर ते फार कठोर होऊ नये.

कोसबाडच्या पद्धतीचे मर्म एवढेच, की मोठ्या माणसाने मुलाच्या शेजारी बसून, मुलाच्या गतीने काम करायचे. दात घासा असे सांगायचे नाही, आपणही त्याच वेळी त्याच्याबरोबर घासायचे. बटणासाठी लागणारी दहा मिनिटे हवी असतील तर घर दहा मिनिटे आधी जागे व्हायला हवे. वडिलांनी स्वतःचे ताट उचलून मोरीत ठेवले, तर मुलाला वेगळे काही सांगण्याची गरज क्वचितच पडते. यात आईइतकाच वडिलांचाही वाटा आहे. शाखेच्या, बैठकांच्या आणि प्रवासाच्या गडबडीत असलेल्या आमच्या कार्यकर्त्यांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. घरी मुलाबरोबर जेवायला बसणे हेही कामच आहे.

जामसरच्या मुलाला मात्र घरच सहा-सहा महिने स्थिर मिळत नाही. तेव्हा शाळेनेच त्याच्यामागे जायला हवे. वीटभट्टीवरील खोपटाला भोंगा म्हणतात. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने वसई परिसरात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या, त्या याच विचाराने. विचारधारा वेगळी असली तरी काम चांगले होते, हे मोकळेपणाने मान्य करावे. वसई, भिवंडी, कल्याण येथील आमच्या वाचकांच्या घरापासून एखादी भट्टी फार दूर नसेल. दिवाळीनंतर तेथे एकदा जाऊन यावे. तीन ते सहा वर्षांची मुले किती आहेत आणि जवळच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत त्यांची नावे चढली आहेत का, एवढे विचारावे. नावे नसतील तर सेविकेला दोष न देता तिच्याबरोबर पुन्हा भट्टीवर जावे. जाताना हाताशी साबणाची वडी, कंगवा आणि मूठभर चिंचोके असू द्यावेत.