मस्टरवरची हिंमत

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांत स्फोट झाले; जोगेश्वरी, बोरिवलीही त्यातून सुटली नाही. दुसऱ्या सकाळी त्याच मार्गावर लोकल भरून धावल्या आणि ‘मुंबई स्पिरिट’चा गजर झाला. त्या गजराच्या जोरावर अंधेरी-घाटकोपरातले मालक आजही सांगतात, आमच्या माणसांना मानसिक आधारबिधार लागत नाही; उद्या बघा, सगळे हजर.

हजर असतात, खरं आहे. पण खाडा झाला की पगार कापला जातो, कॉन्ट्रॅक्टवाल्याची तर जागाच जाते. मनाने सावरलेल्याची सही आणि हप्त्याच्या धाकाने आलेल्याची सही मस्टरवर सारखीच दिसते. तिच्यावरून हिंमत मोजणं हा हिशेबातला लबाडपणा आहे.

‘माणसाला कामच सावरतं’ हा मुद्दा जरा दमदार. सावरतंही काहींना; घरी छताकडे बघत बसण्यापेक्षा चार सहकाऱ्यांत बरं वाटतं. पण ते ज्याच्या त्याच्या मर्जीने. उलट टोकाला एचआरचा उत्साह: दुर्घटना घडली की सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवून ‘मन मोकळं करा’. अशा सक्तीच्या बैठकीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. आधी सुरक्षित जागा, पाणी, घरी फोन, आणि बोलावंसं वाटलं तर ऐकणारं कुणी, एवढंच ती सांगते.

हे ऐन वेळी जमत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, फोन बंद पडले. साहेब सोडतील म्हणून थांबलेले आणि जिवावर उदार होऊन निघालेले, दोघांचेही हाल झाले. आधीची तयारी म्हणाल तर इमारतीच्या फायर यंत्रणेचा ‘फॉर्म बी’ जानेवारी-जुलैत भरला जातो. त्यात पंप चालतो की नाही ते असतं. जिन्यात पाय गळाठलेल्याचा हात कोण धरणार, ते नसतं. ते नाव आधी ठरवा. रेड अलर्टला माणसं सोडायचा अधिकार कुणाचा, तेही. त्या दिवशी लेट मार्क नाही, पगारकपात नाही, हे लेखी द्या. हे सगळं ज्यांना लागू, त्यांच्या यादीत वॉचमन आणि हाऊसकीपिंगही घ्या. इमारतीत शेवटपर्यंत तेच असतात. महिनाभराने कुणाची झोप उडालेली दिसली तर रजा द्या, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मस्टरशेजारी चिकटवा.

साकीनाक्याचा गाळेवाला म्हणेल, हे बड्या कंपन्यांचे चोचले. घाटकोपरच्या छेडानगरात १३ मे २०२४ ला होर्डिंग कोसळून १७ जण गेले, ते पडलं पेट्रोल पंपावर, काचेच्या टॉवरवर नव्हे. दहा कामगारांच्या गाळ्याची यादी एका पानात मावते.